बशीशेठ आणि हरवलेली किटली

बाजारपेठेत त्याला सगळे बशीशेठ म्हणायचे. शेठ म्हणावं असं त्याच्याजवळ काही नव्हतं, बश्या मात्र रग्गड होत्या. काचसामानाच्या धंद्यात एक गंमत असते. लोकांच्या घरी कप फुटतात आणि बश्या उरतात. मग लोक नुसता कप मागत दुकानं पालथी घालतात. बाकीचे दुकानदार अशा गिऱ्हाइकाला उभं करत नसत. हा मात्र सरळ जोडी फोडायचा, कप देऊन टाकायचा आणि उरलेली बशी मागच्या फळीवर ठेवायचा. गिऱ्हाईक खूश आणि बश्यांची चळत छताला टेकलेली.

माणूस तोंडाचा गोड. गल्ल्यावर बसला की त्याची जीभ कात्रीसारखी चालायची, पण कुणाला कापायची नाही. सुनेला कोणता सेट आवडेल हे तो सासूच्या चेहऱ्यावरून सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. वस्तू घ्यायला आलेली बाई वस्तू न घेता गेली तरी हसत जायची.

पण हसण्यावर दुकानाचं भाडं निघत नाही. चौकात चार मजली दुकान झालं, त्यातून लोक घरबसल्या फोनवरून सामान मागवायला लागले, आणि एक दिवस बशीशेठनं शटर ओढलं ते कायमचं. उरलेला माल घरी आला. पलंगाखाली कप, कपाटावर किटल्या, गॅलरीत बश्या. बायको कूससुद्धा बेतानं बदलायची, न जाणो पाय लागून काही खळकन फुटेल.

ही बायको म्हणजे अबोल बाई. मुलगी शिकून नोकरीला परगावी गेली, नवरा घरी बसला, आणि दुपार कशी काढावी हा प्रश्न दोघांनाही पडला. त्यानं तो वर्तमानपत्रानं सोडवला, तिनं ब्रशनं. गॅलरीत येणारी चिमणी तिनं एका पांढऱ्या कपावर काढली, सहज. सुट्टीला आलेल्या मुलीनं त्या कपाचा फोटो काढून विक्रीच्या एका अॅपवर टाकला, तोही सहजच. दुसऱ्या दिवशी कप विकला गेला.

बशीशेठला आधी आनंद झाला. तिसरा-चौथा कप जाईपर्यंत तो टिकला. मग मात्र त्याच्या पोटात कुठंतरी बारीक दुखायला लागलं.

कारण हे तेच कप होते. हेच पांढरे कप त्यानं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांपुढे मांडले होते, टिचकी मारून त्यांचा नाद ऐकवला होता, उजेडात धरून त्यांचा पातळपणा दाखवला होता. लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आणि आता बायको ब्रशचे चार फटकारे मारते, एक पाखरू काढते आणि कप हातोहात जातो. कप माझा, पाखरू तिचं, आणि नाव सगळं पाखराचं, असं त्याच्या मनात यायचं. यायचं तेव्हा लाज वाटायची. लाज वाटली तरी यायचं ते यायचंच.

पार्सल बांधायचं काम त्याच्याकडे होतं. काच कशी बांधावी हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कपाच्या पोटात कागद, कानाला वेगळी गुंडाळी, खोक्यात खोकं, मध्ये कागदाचे बोळे, वरून चिकटपट्टी. खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतल्या कपाला पत्ता लागू नये. पण अभिप्राय यायचे ते असे: “पक्षी जिवंत वाटतात.” “कलाकाराच्या बोटांत जादू आहे.” बांधणीबद्दल आजवर एकच अभिप्राय आला होता, “खोकं उघडायला सुरी, कात्री आणि शेजारी लागला.” तो वाचून बायको पोट धरून हसली होती. बशीशेठही हसला, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही.

इथवर ठीक होतं. नवराबायकोत एवढं-तेवढं चालायचंच. खरं दुखणं पुढे आलं, आणि ते ‘बत्तीशी’ या नावानं आलं.

अॅपवर माणसं हवं ते नाव लावतात. या गिऱ्हाइकानं ‘बत्तीशी’ लावलं होतं. पहिल्यांदा त्यानं खंड्याचा कप घेतला. मग बुलबुलाचा. मग सुतारपक्ष्याचा. आणि कप घेऊन गप्प बसण्यातला तो नव्हता. लांबलचक मेसेज लिहायचा. या पक्ष्याची मान अशी वळलेली का आहे? हा निळा रंग तुम्ही कसा साधता? काल खिडकीत एक तपकिरी पक्षी आला होता, त्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं होतं, तो कोण असेल? आणि बायको, जी नवऱ्याला “जेवायला चला” याच्या पलीकडे चार वाक्यं सलग बोलत नसे, ती अंगठ्यानं टकटक करत तितकंच लांब उत्तर लिहायची. लिहिताना मधेच थांबून खिडकीबाहेर बघायची. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते बशीशेठनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“काय एवढं लिहितो तो?” त्यानं एकदा विचारलं.

“पक्ष्यांबद्दल विचारतात.”

“पक्ष्यांबद्दल पुस्तकं असतात की. बत्तीशी म्हणे. नावातच दात विचकून उभा आहे.”

बायकोनं फोन पालथा ठेवला आणि ब्रश धुवायला घेतला. फोन पालथा ठेवला, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

मग बत्तीशीनं मोठी मागणी नोंदवली. एक किटली आणि सहा कप. किटलीवर फांदी, आणि प्रत्येक कपावर त्या फांदीवरून उडालेलं एकेक पाखरू. बायकोनं त्यासाठी घरातली सगळ्यात चांगली किटली निवडली. ती बशीशेठनं दुकानात काचेच्या कपाटात ठेवली होती, विकायची म्हणून कमी आणि शोभेची म्हणून जास्त. कित्येक आठवडे ती त्या सेटवर बसली. पाच पाखरं उडाली. सहावं कितीदा पुसून काढलं तरी उडेना, तेव्हा तिनं त्याला बसलेलंच ठेवलं. बशीशेठनं सेट बांधला. मनात काहीही असो, हातानं त्यानं बेइमानी केली नाही. नेहमीसारखाच चोख बांधला, वजन करून पावती घेतली, पार्सल कुरियरकडे दिलं.

आठवडा उलटला. अॅपवर नोंद आली की पार्सल पोचलं. त्यानंतर दोन दिवसांनी बत्तीशीचा मेसेज आला की पार्सल मिळालेलं नाही. पाठोपाठ अॅपच्या कंपनीचा आला: खरेदीदारानं तक्रार नोंदवली आहे, पैसे रोखून ठेवले आहेत, विक्रेत्यानं ठरलेल्या मुदतीत पुरावा द्यावा.

बायकोचा चेहरा उतरला. बशीशेठनंही तोंड गंभीर केलं, पण आतून त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सापडला, असं त्याला वाटलं. गोड गोड लिहून विश्वास कमावला आणि मोठा घास दिसताच दात दाखवले.

“मी म्हटलं नव्हतं?” तो म्हणाला.

“तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं,” बायको म्हणाली. “आणि ते खोटं बोलणार नाहीत.”

“तुला काय माहीत? तू कधी पाहिलंयस त्याला?”

“पाहायला कशाला हवं? इतकं लिहितात, माणूस कळतो त्यातून.”

हे वाक्य झोंबलं. तिनं नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर चाललं असतं. माणूस कळतो म्हणजे काय?

बायको कुरियरच्या नंबरावर फोन लावत बसली. पलीकडे गाणं वाजत राहिलं, माणूस काही बोलेना. शेवटी कंटाळून ती भाजी आणायला बाहेर पडली आणि फोन घरीच विसरली. बशीशेठनं तो उचलला. आपण दुकान चालवलंय, असली गिऱ्हाइकं कशी हाताळायची ते आपल्याला कळतं, असं स्वतःला सांगत त्यानं लिहिलं: “माल पोचल्याची नोंद आमच्याकडे आहे. माल फुकट लाटायच्या या युक्त्या आम्हाला नवीन नाहीत. सभ्य माणसाला हे शोभत नाही. तक्रार मागे घ्यावी.” वाचून बघितलं, समाधान वाटलं, पाठवून दिलं.

उत्तर आलं ते बायको परतल्यावर. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली, फोन हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचलं. मग नवऱ्यापुढे धरला. बत्तीशीनं लिहिलं होतं: “बाई, हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही. तुम्ही तुमच्या कपांना कधी ‘माल’ म्हणत नाही. जे कोणी लिहिलं असेल त्यांना सांगा, मी खोटं बोलत नाही. माझ्या दाराशी पार्सल आलंच नाही. शक्य असल्यास कुरियरकडून दाराचा फोटो मागवा. माझं दार काचेचं आहे.”

“हे तुम्ही लिहिलंत?” बायकोनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“मी गिऱ्हाईक ओळखतो.”

“दुकानात कुणाला असं बोलला असतात?”

बशीशेठला दुकान आठवलं. एकदा एका बाईनं वीस कप हाताळून तीन फोडले होते, तरी त्यानं तिला पाणी विचारलं होतं.

“मग यांनाच का?”

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते बायकोपुढे काढायचं म्हणजे अंगातला सदरा काढून चौकात उभं राहायचं.

“मी त्यांची माफी मागते,” ती म्हणाली. “किटली मात्र तुम्ही शोधून आणायची. तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीशेठ कुरियरच्या गोदामात जाऊन उभा राहिला. पत्र्याचं छप्पर, ढिगानं खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर मशीन टेकवून टीं-टीं आवाज काढणारी माणसं. टेबलावरच्या माणसानं नंबर टाकून पाहिला. “पोचलंय काका. आमचं काम संपलं.”

इथं भांडून उपयोग नाही हे बशीशेठला माहीत होतं. दुकानाच्या दिवसांत फुटक्या मालावरून त्यानं अशा टेबलांपुढे कितीतरी वेळा वाट पाहिली होती. आवाज चढवणाऱ्याला इथं खुर्चीही मिळत नाही. तो गोडीनं म्हणाला, “तुमची चूक आहे असं मी कुठं म्हणतोय? फक्त पोचवताना काढलेला फोटो दाखवा आणि ज्यानं पोचवलं त्याच्याशी दोन शब्द बोलू द्या. म्हणजे तुमच्यावरचीही तक्रार मिटेल.”

फोटो निघाला. लाकडी दार, पितळी कडी, खाली निळं पायपुसणं. काच नावालाही नव्हती.

पार्सल पोचवणारी मुलगी हेल्मेट काखेत मारून आली. फोटो बघून तिनं कपाळाला हात लावला. “आठवलं. त्या इमारतीला पुढचा भाग आहे आणि मागचा भाग आहे, दोन्हीकडे घरांचे नंबर सारखेच. पुढच्या जिन्याला रंग लावत होते म्हणून मी मागून चढले. एका आजींनी दार उघडलं. मी नाव वाचलं, त्या हो हो म्हणाल्या. आता वाटतंय, त्यांना ऐकूच आलं नसावं.”

म्हणजे बत्तीशी खरं बोलत होता. बशीशेठला हायसं वाटायला हवं होतं. पण मुठीत धरलेला चोर निसटून साव निघावा, तसं त्याला झालं. माणूस चोरही निघू नये म्हणजे काय?

टेबलावरच्या माणसाकडून त्यानं चुकीच्या जागी पोचवल्याचं लिहून घेतलं, फोटो मागून घेतला, दोन्ही बायकोला पाठवले आणि ती इमारत गाठली. मागच्या जिन्यानं वर गेला. पितळी कडी, निळं पायपुसणं. कडी वाजवली, पुन्हा जोरानं वाजवली.

दार उघडलं ते एका बारीकशा आजींनी. त्यांच्या मागे टेबल दिसत होतं, आणि टेबलावर किटली. भोवती कप मांडलेले, एकात अर्धा चहा. खिडकीतल्या उन्हात किटलीवरची फांदी अशी दिसत होती की बशीशेठ क्षणभर कशासाठी आलो तेच विसरला. एवढ्या जवळून, एवढ्या निवांत त्यानं ती घरी पाहिलीच नव्हती. घरी पाहिलं ते बांधायचं सामान म्हणून.

“तुम्ही पार्सलवाले ना?” त्याच्या हातातला कुरियरचा कागद बघून आजी म्हणाल्या. “बरं झालं आलात. ते खोकं कोणी बांधलं होतं हो? माझं बोट कापलं. मला वाटलं आत साप कोंडलाय की काय.”

“मीच बांधलं होतं,” बशीशेठ मोठ्यानं म्हणाला.

“तुम्ही? मग माझ्या मुलीनं तुमच्याच दुकानातून घेऊन पाठवलं म्हणायचं. या, आत या.”

तो आत जाऊन बसला. आणि बसल्या बसल्या त्याच्या मनात एक विचार आला, अगदी पाय न वाजवता. एक वाक्य न बोलता उठायचं, एवढंच. सेट इथं राहील. म्हातारी सुखी होईल. चूक कुरियरची आहे, भरपाई ते देतील. आणि बत्तीशीला त्याचे पैसे परत मिळतील, किटली नाही. पाखरांची फांदी त्याच्या घरात जाणार नाही. दानधर्माचं पुण्य आणि मनाचा थंडावा, दोन्ही एका दगडात.

“ती काही म्हणाली का तुमच्याजवळ?” आजींनी विचारलं. त्यांनी कान थोडा पुढे केला होता. “पाठवताना काही निरोप वगैरे?”

बशीशेठनं तोंड उघडलं. थाप मारणं त्याच्या हातचा मळ होता. जन्मभर सासवा-सुनांना गोड थापा मारून त्यानं कप विकले होते. पण ही थाप ओठांवर येईना. जी मुलगी बोललीच नाही तिचे शब्द कुठून आणायचे?

“आजी,” तो म्हणाला, “हे तुमच्या मुलीनं पाठवलेलं नाही. पलीकडच्या जिन्यावर जायचं होतं. चुकून तुमच्याकडे आलं.”

आजींनी अर्धा चहा राहिलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि नळ सोडला.

“मी तिला विचारलं नव्हतं,” कप धुता धुता त्या म्हणाल्या. “म्हटलं, तिचा फोन आला की सांगू, मिळालं म्हणून.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी किटलीत चहा केला. चालेल ना त्यांना?”

“किटली चहासाठीच असते,” बशीशेठ म्हणाला.

खुंटीवरचा पंचा घेऊन त्यानं कप पुसायला घेतले. दोघं शेजारी उभी राहून एकेक कप धूत-पुसत राहिली. शेवटचा कप देताना आजी थांबल्या. “यावरचा पक्षी बसलेला आहे. बाकीचे सगळे उडतायत. हा मला आवडला होता.” आणि दिला.

सेट पुन्हा खोक्यात भरून बशीशेठ पुढच्या जिन्यानं वर गेला. जिना रंगानं अजून दरवळत होता. काचेच्या दारावर पाटी होती, आणि पाटीवर दाताचं चित्र. दातांचे डॉक्टर. बत्तीशी. बशीशेठला हसू फुटलं, पण दार उघडून डॉक्टर समोर आल्यावर ते जागीच विरलं. त्यानं मनात एक टकला, पोट सुटलेला, डोळे बारीक करणारा माणूस उभा केला होता. हा उंच होता. कानशिलांवर केस पिकलेले आणि ते शोभत होते. दातांबद्दल तर बोलायलाच नको.

“किटली,” बशीशेठनं खोकं पुढे केलं. “मागच्या जिन्यावर गेली होती. एका आजींनी वापरलीय, धुऊन दिलीय. बघून घ्या.”

“तुम्ही म्हणजे बशीशेठ?”

आपलं बाजारातलं नाव या माणसाच्या तोंडून ऐकून बशीशेठचे कान तापले.

डॉक्टरांनी त्याला आत नेलं. पेशंटच्या खुर्चीसमोर एक फळी होती आणि फळीवर ओळीनं कप. खंड्या, बुलबुल, सुतार, सगळे. आपल्या पलंगाखालचं दुकान दुसऱ्याच्या भिंतीवर मांडलेलं बघून त्याला कसंसंच झालं.

“पेशंट तोंड उघडून पडलेला असतो, त्याला दुसरं काय दिसणार?” डॉक्टर म्हणाले. “पक्षी बघत राहतात. घाबरत नाहीत. मग विचारतात, हा कोणता, तो कोणता. मला काय माहीत? म्हणून बाईंना विचारतो. शिवाय खरं सांगायचं तर दिवसभर मी एकटाच बोलतो. समोरच्याच्या तोंडात माझे हात. उत्तर देणारं कुणी भेटलं की मला आवरत नाही. यावरून घरीही बोलणी खातो.”

बोलणी खातो. म्हणजे याच्याही घरी कुणाला तरी ते खटकत होतं. शंका घेणारे आपण एकटे नाही, याला दिलासा मानावा की पुरावा, हे बशीशेठला कळेना.

“कालचा मेसेज मी लिहिला होता,” तो म्हणाला. “तिनं नाही.”

“कळलं होतं. राग आला होता मला. मग आठवलं, बाईंनी एकदा तुमच्याबद्दल लिहिलं होतं. दुकान बंद केलंत त्या दिवशी तुम्ही रिकाम्या फळ्या पुसत होतात, सगळा माल गेल्यावरसुद्धा, एकेक फळी. त्या दाराशी उभ्या होत्या, पण हाक मारायचा धीर झाला नाही म्हणे. ज्यानं रिकाम्या फळ्या पुसल्या त्याच्यावर किती दिवस रागावणार?”

बशीशेठनं खोक्यातून कप काढायला सुरुवात केली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. त्या दिवशी ती दाराशी होती? त्याला पत्ताच नव्हता. आपल्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस कुणीतरी बघितला होता, जपून ठेवला होता, आणि मग एका परक्या माणसाला सांगितला होता. मत्सर त्याला त्या क्षणी झाला तेवढा कधीच झाला नव्हता. आणि त्याच क्षणी दुसरंही काहीतरी झालं, ज्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी.

डॉक्टरांनी कप निरखून पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि त्याच्यासमोर फोनवरून तक्रार मागे घेतली. चहा विचारला. बशीशेठनं नको म्हटलं.

घरी आला तेव्हा बायको ताटं मांडत होती. तक्रार मिटल्याचं तिला कळलं होतं. तो जेवायला बसला, पण घास काही उचलला नाही.

“फळ्यांचं त्याला सांगितलंस,” तो म्हणाला. “मला का नाही सांगितलंस?”

तिनं हात थांबवला. “तुम्ही जळता त्यांच्यावर.”

“हो,” बशीशेठ म्हणाला. म्हटल्यावर वाटलं होतं तितकं अवघड ते नव्हतं.

“कपांवरूनही जळता.”

“तेही.”

बायको त्याच्यासमोर बसली. “मग ऐका. इतकी वर्षं तुम्ही गल्ल्यावर बसायचात. घरी येऊन सांगायचात, आज अमकी आली, तमकी हसली, कुणी काय घेतलं, कुणाचं काय फुटलं. मी वाढता वाढता ऐकायची. माझ्याकडे सांगायला काय होतं? दूध नासलं, एवढंच. तुमच्याकडे सगळं जग चालत यायचं, आणि मला ते जेवणापुरतं मिळायचं. तुम्हाला काय वाटतं, माझी आग होत नव्हती?”

“कुणावर?”

“सगळ्यांवर. तुमच्यावर. ती पिवळ्या छत्रीवाली बाई तर मला अजून आठवते.”

“कोण पिवळ्या छत्रीवाली?”

“तुम्हाला आठवत नाही ना? मी मात्र महिनाभर तिच्यावर जळत होते.”

बशीशेठ तिच्याकडे बघत राहिला. इतकी वाक्यं ती सलग बोलली होती, आणि ती सगळी त्याच्यासाठी होती. मग त्यानं आजींबद्दल सांगितलं. थाप मारायला निघालो होतो हेही सांगितलं, वगळलं नाही. बायकोनं फक्त एक विचारलं, “कोणता पक्षी आवडला म्हणालात त्यांना?”

पुढच्या आठवड्यात तिनं तसलाच बसलेला पक्षी एका कपावर काढला. तो द्यायला बशीशेठ स्वतः गेला, हातातून, कागदातसुद्धा न गुंडाळता. मुलीचा फोन अजून आलेला नव्हता. आजींनी चहा केला आणि त्याला बसवून घेतलं. त्यांच्या तरुणपणच्या गोष्टी निघाल्या, त्याच्या दुकानाच्या निघाल्या. वेळ कसा गेला कळलं नाही.

घरी परतला तेव्हा बायको दारातच होती.

“एवढा वेळ?”

“गप्पा मारत बसलो.”

“कुणाशी?”

“आजींशी. आणखी कुणाशी?”

“असं काय काय सांगितलंत त्यांना?” ती म्हणाली. तिच्या आवाजाला एक बारीक धार होती.

बशीशेठनं चपला कोपऱ्यात सारल्या, सावकाश. त्याला बरं वाटत होतं, आणि ते लपवावं असंही वाटत नव्हतं. तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.